अस्सल पिटकॅल्डर

हे सांगून काही उपयोग नाही, कारण तुमच्यापैकी एकाचाही यावर विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचा बसला नाही. आमच्या कुत्र्याचाही बसला नाही. मी सांगायला सुरुवात केली की तो उठून स्वैपाकघरात जातो. तरी सांगतो, कारण यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. जिथं खरं नव्हतं तिथं मी ते दुरुस्त करून घेतलेलं आहे.

आमच्या पोर्टलोगी गावात त्रेचाळीस घरं, आणि एक गेडिसबाईंचं घर सोडलं तर बाकी सगळ्यांचं आडनाव पिटकॅल्डर. गेडिसबाई बाहेरच्या. सत्तर वर्षांपूर्वी शाळेत शिकवायला म्हणून आल्या, त्यामुळं गाव अजून त्यांना नवीन समजतं. आता आडनाव एक असेना का, निदान नावं तरी वेगळी ठेवावीत? पण आमच्यात थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. म्हणजे गावात नवं नाव शिरायला फटच नाही. ॲलेक्झांडर, विल्यम, जेम्स आणि जॉर्ज या चार नावांवर आम्ही तीनशे वर्षं काढली. आज घडीला गावात अकरा ॲलेक्झांडर पिटकॅल्डर आहेत आणि कबरस्तानात किती आहेत हे कबर खणणाराही सांगू शकत नाही.

मग पोस्टमननं काय करावं? डॉक्टरनं कुणाची टॉन्सिलं काढावीत? म्हणून आमच्याकडं प्रत्येक घराण्याला एक टोपणनाव असतं. ते नुसतं चेष्टेचं नव्हे, पक्कं. मतदार यादीत छापलेलं, चर्चच्या वहीत लिहिलेलं, थडग्यावर कोरलेलं. आमच्या शेजारच्या डोडीच्या घराण्याचं 'पार्टन', म्हणजे खेकडा. बंदरावरच्या मोठ्या घराचं 'लॉर्डी'. आणि आमचं 'ग्रीटी'.

ग्रीटी म्हणजे रडतोंडे.

आमच्या वडिलांचं म्हणणं, आजोबांच्या डोळ्यांना समुद्राचा वारा सोसत नसे म्हणून हे नाव पडलं. आजोबांचं म्हणणं, ते त्यांच्या आजोबांपासून आलं, आणि तो वारा नव्हता, धूर होता. काही असो, मी जन्मल्यापासून रडतोंड्या आहे. शाळेत हजेरीला 'ॲलेक्झांडर पिटकॅल्डर, ग्रीटी'. चर्चमध्ये लग्न लावताना पाद्र्यानं भर वेदीपुढं विचारलं, "या ॲलेक्झांडर ग्रीटीला तू पती म्हणून पत्करतेस का?" आणि टिबी इतकी हसली, की तिनं पत्करलं की नाही याबद्दल मला आज सेहेचाळीस वर्षं शंका आहे.

आता मुद्द्यावर येतो. दर ऑगस्टात आमच्या गावचे खेळ होतात. ओंडके फेकणं, दोर ओढणं, मुलींचे नाच. त्या दिवशी गावातला एक माणूस 'प्रमुख' होतो. टोपीत पीस खोवून तो बॅगपाइपवाल्याच्या मागून मैदानाला फेरी घालतो, पहिला घोट त्याचा, आणि भोंग्यावरून त्याचं नाव पुकारतात. एकट्या त्या दिवशी, एकट्या त्या माणसाचं टोपणनाव घ्यायचं नाही असा रिवाज आहे. नुसतं 'पिटकॅल्डर'. बस्स. जणू काही बाकीची एक्केचाळीस घरं नाहीतच.

मला हे एकदा ऐकायचं होतं. एकाहत्तर वर्षांत एकदा. जास्त मागणं होतं का?

पण गेली बारा वर्षं प्रमुख कोण? लॉर्डी. का? तर म्हणे तो दिसतो तसा. त्याच्या आजोबांनी ॲबर्डीनहून एक उंच हॅट आणली, त्यावरून ते घराणं लॉर्डी झालं. हॅट पुढल्याच हिवाळ्यात समुद्रात उडाली, मोठेपणा तेवढा राहिला. यंदाच्या सभेत मी उभा राहिलो आणि हे सगळं हॅटसकट सांगितलं. वर म्हणालो, "प्रमुख असावा तो अस्सल पिटकॅल्डर. मूळ जमीनदाराच्या रक्ताचा."

"म्हणजे कोण?" लॉर्डीनं विचारलं.

"म्हणजे मी," मी म्हणालो. हे मी ठरवून बोललो नव्हतो. पण एकदा तोंडातून निघाल्यावर ते मला इतकं पटलं, की आधी कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं.

अध्यक्ष गेडिसबाई. वय एक्क्याण्णव, काठी न घेता चालतात आणि चष्म्याशिवाय वाचतात. मला तिसरीत त्यांनीच शिकवलं, दोनदा. त्या म्हणाल्या, "ॲलिक, पुरावा आण. पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी सभा घेऊ. पुरावा पटला तर यंदा तू प्रमुख. नाही पटला तर जिवंत असेपर्यंत हा विषय काढायचा नाही. हे मी लिहून घेते आहे."

त्यांनी खरोखरच लिहून घेतलं. मी सही केली. सही करतानासुद्धा मागून डोडी ओरडला, "अरे ग्रीटी लिही की पुढं, नाहीतर अकरा जणांवर बंधन येईल!"

घरी आलो तर टिबी मासे साफ करत होती. तिला बातमी आधीच कळली होती. आमच्याकडं बातमी माणसापेक्षा आधी घरी पोचते.

"ॲलिक, एक सांगू?" ती म्हणाली. "माणसानं आपल्या खापरपणजोबाला शोधू नये. तो सापडतो."

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं.

डोडी पोस्टात चाळीस वर्षं होता. लोकांची पत्रं वाचून त्याला सगळ्या विषयांचं ज्ञान आहे. तो म्हणाला, "तू आधी इन्व्हर्नेसला जा. तिथं दुकानं आहेत. आडनाव सांगितलं की कापड, ढाल, बोधवाक्य, सगळं काढून देतात. एकदा अंगावर त्या कापडाचा घागरा, म्हणजे किल्ट, चढला की निम्मा पुरावा झाला."

गेलो. दुकानातल्या पोरगेल्या माणसानं माझं आडनाव यंत्रात घातलं. माझ्या पुढं एक जपानी जोडपं होतं, त्यांना यंत्रानं नुकतीच एक ढाल आणि दोन हरणं दिली होती. मला एक ढाल, एक डुक्कर आणि 'मी ढळणार नाही' असं बोधवाक्य मिळालं. घराण्याचं कापडही निघालं: मोहरीचा पिवळा, त्यावर काळजाचा रंग, मधून एक हिरवी रेघ.

"हे किती जुनं आहे?" मी विचारलं.

"मार्चपासून आहे," तो म्हणाला.

तरी मी किल्ट शिवायला टाकला. किंमत टिबीला सांगितली नाही आणि तुम्हालाही सांगत नाही. तो अंगावर घालून पहिल्यांदा रस्त्यावरून गेलो तेव्हा लॉर्डी बंदरावर जाळं विणत बसला होता. त्यानं मान वर करून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "सोफ्याचं कव्हर चांगलं बसलंय रे ॲलिक."

मी ढळलो नाही.

मग जन्ममृत्यू नोंदणीची कचेरी. तिथं कर्स्टी नावाची तरुण मुलगी बसते. गोड बोलते; पण सरकारी माणूस गोड बोलायला लागला की समजावं, काम आज होत नाही. मी रांगेत दीड तास उभा राहिलो आणि माझा नंबर आल्यावर भारदस्तपणे सांगितलं, "पिटकॅल्डर. ॲलेक्झांडर. माझे पणजोबा हवेत."

"नक्की," ती म्हणाली. "त्यांचं नाव?"

"ॲलेक्झांडर पिटकॅल्डर."

"आणि त्यांच्या वडिलांचं?"

"विल्यम. त्यांच्या वडिलांचं ॲलेक्झांडर."

मी साल सांगितलं, तिनं वही उघडली. "त्या वर्षी पोर्टलोगीत सात ॲलेक्झांडर पिटकॅल्डर जन्मले. सातांच्याही वडिलांचं नाव विल्यम. काका, टोपणनाव सांगितल्याशिवाय मला शोधता येणार नाही."

मी काउंटरवर वाकलो आणि हळूच सांगितलं.

"काय?"

जरा मोठ्यानं सांगितलं.

"काका, मागं लहान मूल रडतंय, ऐकू येत नाही."

"ग्रीटी!" मी ओरडलो. "रडतोंडे! आम्ही रडतोंडे!" ते मूल रडायचं थांबलं. मागून एक म्हातारी कळवळून म्हणाली, "अरेरे, कोण गेलं हो तुमचं?"

त्यानंतर तीन आठवडे मी त्या कचेरीत जात होतो. एक अर्ज भरला की दुसरा मिळायचा. आणि मग एका बुधवारी तो सापडला. ॲलेक्झांडर पिटकॅल्डर, माझ्या हिशेबानं माझे सहाव्या पिढीतले पूर्वज, जिल्ह्याच्या तुरुंगात अकरा दिवस! कशासाठी, त्या रकान्यावर शाईचा डाग पडलेला. मी तारीख पाहिली. राजाविरुद्ध उठाव झाला होता तो काळ. मग कारण काय ते डागाखाली वाचायला डोळे लागत नाहीत, हृदय लागतं.

इथं माझं चुकलं ते एवढंच, की मला थांबता आलं नाही. मी चर्चच्या सभागृहात व्याख्यान ठेवलं. विषय: 'आमचे बंडखोर पूर्वज.' किल्ट घालून उभा राहिलो. अंधारकोठडी, साखळदंड, कोरडी भाकरी, राजाच्या अधिकाऱ्याला दिलेलं बाणेदार उत्तर. हे उत्तर मी आदल्या दिवशी अंघोळ करताना रचलं होतं, पण ते इतकं बाणेदार होतं, की मी ते दोनदा म्हणून दाखवलं. बायका डोळे पुसत होत्या. लॉर्डी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, झालं, पीस माझ्या टोपीत आलं.

तेवढ्यात कर्स्टीनं हात वर केला. मीच तिला आग्रहानं बोलावलं होतं.

"काका, माफ करा हं," ती म्हणाली. "काल मी परत ताळा घेतला. हा ॲलेक्झांडर तुमचा नाही. दोन पानं चिकटली होती. हा लॉर्डींच्या घराण्यातला."

मग डोडी, माझा शेजारी, ज्याला मी गेल्या ख्रिसमसला अख्खा सामन मासा दिला होता तो डोडी, उठून टाळ्या वाजवायला लागला. सगळं सभागृह उठलं. बायकांनी लॉर्डीला मिठ्या मारल्या. लॉर्डी व्यासपीठावर आला, त्यानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "ॲलिक, आमच्या घरात हे कुणाला ठाऊकच नव्हतं रे. तुझे उपकार कसे फेडू? ते उत्तर जरा लिहून देशील का? नातवाला पाठ करायला देतो."

पुढच्या आठवड्यात कर्स्टीनं डागाखालचं वाचून काढलं. पाद्र्याचं बदक चोरल्याबद्दल अकरा दिवस. मी घरोघर जाऊन हे सांगितलं. पण गावानं एकदा बंडखोर घेतला की बदकचोर परत घेत नाही. उलट लोक मला म्हणायला लागले, "ॲलिक, मत्सर वाईट."

आता सभेला आठ दिवस राहिले होते. टिबी म्हणाली, "सोड ना आता. रडतोंडी म्हणून मी तुझ्याशी संसार केलाच ना?"

"तू हसत होतीस," मी म्हणालो.

"अजून हसते," ती म्हणाली. "त्यावरच चाललंय."

पण मी सोडणाऱ्यांतला नव्हे. शेवटचा दरवाजा राहिला होता: मूळ जमीनदारांचं घर. गावापासून दोन बसेस आणि एक टेकडी. तिथं वंशातले शेवटचे, म्हातारे कर्नल पिटकॅल्डर एकटे राहतात. वाड्याला चाळीस खोल्या आहेत आणि त्यांतल्या दोनांना छप्पर आहे. मी किल्ट घालून दार ठोठावलं. कर्नलांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "आलात! सोमवारपासून वाट पाहतोय. मोरी मागच्या बाजूला आहे."

त्यांना मी गटार साफ करणारा वाटलो. मी सांगायचा प्रयत्न केला, पण कर्नलांना डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि उजवा कान ते कुणाला देत नाहीत. दोन तास मी त्या मोरीत कोपरापर्यंत हात घालून होतो. पिवळ्या, काळजाच्या आणि हिरव्या रंगांत त्या दिवशी चौथा रंग मिळाला. शेवटी गुळगुळ आवाज होऊन पाणी गेलं, आणि कर्नल इतके खूष झाले, की त्यांनी मला चहा दिला. बिस्किटं दोन राजांपूर्वीची असावीत. मग मी उजव्या कानाला गाठून सगळं सांगितलं.

"अरे, तुम्ही पोर्टलोगीचे पिटकॅल्डर!" ते खो खो हसले. "पिठाचे! थांबा, वही दाखवतो."

पेटीतून त्यांनी एक वही काढली. मंडळी, ती गोष्ट ऐका, कारण ती शाळेत शिकवत नाहीत. कर्नलांच्या पूर्वजाला राजापुढं दाखवायचं होतं, की आपल्या पाठीशी आपल्या नावाची किती माणसं आहेत. माणसं होती मोजकी. मग त्यानं दवंडी दिली: जो माझं आडनाव घेईल त्याला ओटच्या पिठाचं एक पोतं. साल दुष्काळाचं. अख्खं खोरं रांगेत उभं राहिलं. सकाळी जो आडनावानं गन होता, ग्रांट होता, कुणीच नव्हता, तो दुपारी पाठीवर पोतं घेऊन पिटकॅल्डर म्हणून घरी गेला.

"मग?" मी विचारलं.

"मग पन्नास वर्षांनी मेंढ्या आल्या," कर्नल बिस्किट चहात बुडवत म्हणाले. "मेंढ्यांना पीठही लागत नाही आणि आडनावही. तेव्हा कुरणांसाठी माणसं जमिनीवरून समुद्राकडं हाकलली. तुमचं गाव असं वसलं. नाव मात्र परत मागितलं नाही हं आम्ही. तेवढा दिलदारपणा आमच्या घराण्यात आहे."

त्यांना हे सांगताना लाज वाटत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी राग सुचला नाही, कारण माझं सगळं लक्ष वहीत होतं. प्रत्येक पानावर नावं, पुढं घराण्याचं मागाहून लिहिलेलं टोपणनाव, पुढं अंगठा. चौथ्या पानावर लॉर्डीचा पूर्वज! हॅट नाही, बंड नाही. एक पोतं आणि अंगठा. सातव्यावर डोडीचे खेकडे. मी सगळी सोळा पानं वाचली. पुन्हा वाचली. कर्नल खुर्चीत घोरायला लागले तरी मी वाचत होतो. आणि मंडळी, सगळ्या गावाचं नाव त्या वहीत आहे. फक्त आमचं नाही. आम्ही पोतं घेतलंच नाही! म्हणजे आम्ही दवंडीच्या आधीपासूनचे. म्हणजे अस्सल.

कर्नलांनी जागे होऊन वही मला सभेपुरती नेऊ दिली. मोरीबद्दलची कृतज्ञता.

तर तो शनिवार. सभागृह भरलं होतं, दोन रांगा उभ्या होत्या. मी किल्ट धुऊन घातला होता. वही गेडिसबाईंच्या टेबलावर ठेवली आणि हेच सगळं, आता तुम्हाला सांगितलं तसंच, शब्दाशब्दानं सांगितलं. पिठाच्या पोत्यापाशी आलो तेव्हा हशा थांबला.

"म्हणजे आम्ही सगळे पिठाचे?" डोडीनं विचारलं.

"पिठाचे," मी म्हणालो. "एक पोतं माणशी. पान सात, तुझा अंगठा आहे."

"आणि मी?" लॉर्डी म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. बारा वर्षांत पहिल्यांदा तो मला लॉर्डीसारखा दिसला नाही, नुसता जाळं विणणारा म्हातारा दिसला, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याची जरा दया आली. पण जराच.

"पान चार," मी म्हणालो. "वाईट वाटून घेऊ नकोस. दुष्काळ होता. भुकेल्याला नाव काय आणि गाव काय. पण आमच्या पूर्वजानं उपाशी राहून मान वळवली, एवढंच माझं म्हणणं. मी सोळाच्या सोळा पानं दोनदा वाचली आहेत. ग्रीटी हे नाव त्यात कुठंही नाही."

टिबी मागच्या रांगेत होती. ती हसत नव्हती. पाइपवाल्यानं हवा भरून पाहिली. कुणीतरी पिसाची टोपी पुढं सरकवली, ती हातोहात येत येत माझ्यासमोरच्या टेबलावर पोचली. मी हात पुढं केला.

गेडिसबाई वही चाळत होत्या. एकेक पान, बोटाला थुंकी न लावता, शाळेत आमच्या वह्या तपासायच्या तशा. शेवटच्या पानाशी त्या थांबल्या, शिवणीवरून नख फिरवलं, आणि टोपीवर हात ठेवला.

"कर्नलांची पेटी दोन वर्षांपूर्वी मी लावून दिली, ॲलिक," त्या म्हणाल्या. "या वहीच्या पानांना पेन्सिलीनं आकडे मी घातलेत. सतरा होती."

"सोळा," मी म्हणालो.

"किल्टला खिसा नसतो, बाळ," गेडिसबाई म्हणाल्या. "उजव्या मोज्यात खोवलंयस ते सतरावं पान काढ, सरळ उभा राहा, आणि वाच. मोठ्यानं."